बेचाळिसावं पोतं

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णामाई आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या पुढं गेली आणि अर्धी सांगली पाण्यात होती, ते सगळ्यांना माहितीय, त्यावर मी वेगळं काय लिहिणार. पाणी ओसरल्यावर आमच्या मंडळीचं, म्हणजे चर्चचं, कपाट उघडलं तर आत नुसता गाळ. बाप्तिस्म्याचं रजिस्टर, लग्नाचं, दफनाचं, हिशोबाच्या वह्या, सगळं फुगून एकमेकाला चिकटलेलं. पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, तो गठ्ठा माझ्याकडं दिला, कारण मी मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे, मला वह्यांची सवय. घराच्या गच्चीवर मी आणि बायकोनं दोन आठवडे ते वाळवलं, एकेक पान पट्टीनं सुटं करायचं, मध्ये पेपर घालायचा, वर फरशीचा तुकडा ठेवायचा. शाईपेनचं सगळं निळं पाणी झालं होतं, बॉलपेनचं मात्र टिकलं होतं.

कबरस्थान फंडाची वही बॉलपेनची होती. ती वाचता वाचता मी सवयीनं बेरजा मारत गेलो आणि बेरीज लागेना. तीनदा मारली. 6,200 रुपये कमी.

ही वही वीसेक वर्षं एकाच माणसाकडं होती, मंडळीतले एक काका, नाव कशाला लिहू. वाहणारा आवाज, गायनात पुढं, माझ्या वडिलांच्या दफनाच्या वेळी खड्डा नीट झालाय का बघायला पावसात उभा राहिलेला माणूस. मी हे सगळं ओळखून होतो, तरी काय केलं तर पुढच्या कमिटीच्या मीटिंगला वही उघडून टेबलावर ठेवली आणि अकरा माणसांसमोर विचारलं की काका ह्या 6,200 चं काय ते जरा सांगा. आवाज माझा शांत होता. शांत आवाजात विचारलं म्हणजे आपण बरोबर वागलो असं त्यावेळी वाटलं मला.

काका म्हणाले, "घेतले. घरात अडचण होती. भरणार होतो." बास. टोपी घेतली आणि गेले. दर महिन्याला 500 रुपये पाकिटात घालून नातवाच्या हातानं पाठवायला लागले, पण चर्चमध्ये रविवारच्या भक्तीला आले नाहीत. त्यांची बायको एकटी यायची आणि शेवटच्या बाकावर बसायची, आधी त्या दोघांची जागा पुढून तिसरी.

मला कुणी वाईट म्हटलं नाही, उलट दोघातिघांनी पाठ थोपटली की असं कुणीतरी बोलायलाच पाहिजे होतं.

आता बायबलात मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात सरळ लिहिलंय, तुझ्या भावानं अपराध केला तर जा, तो आणि तू दोघेच असताना त्याला सांग. नाही ऐकलं तर एकदोघांना बरोबर घे. तरी नाही ऐकलं तर मग मंडळीला कळव. म्हणजे मंडळीचा नंबर तिसरा, आणि मी थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारली होती. काकांचं घर माझ्या घरापासून चालत सात मिनिटं. मला कुणी अडवलं नव्हतं. मी गेलो नाही कारण दोघंच असताना विचारलं असतं तर फक्त पैसे परत आले असते, मला कुणी बघितलं नसतं.

"दोष काढू नका" हे येशूचं वचन आपल्याकडं फार स्वस्त झालंय असं मला वाटतं. कुणी काही बोललं की लगेच तोंडावर फेकायचं, तू कोण दोष काढणारा. पण प्रभू काही आंधळे व्हा असं सांगत नाही, योहानाच्या सातव्या अध्यायात तोच म्हणतो की वरवर बघून न्याय करू नका, यथार्थ न्याय करा. फंडाचे पैसे घेणं चूकच होतं आणि वही बंद करून गप्प बसणं हेही बरोबर झालं नसतं. डोळ्यातल्या कुसळाचा दृष्टांत नीट वाचला तर शेवटी कुसळ काढायचंच असतं, तसंच राहू दे असं तिथं कुठं म्हटलेलं नाही. फक्त आधी मुसळ. आणि पाळकसाहेबांनी एकदा सांगितलेलं माझ्या डोक्यात कायमचं बसलंय, की मूळ ग्रीक भाषेत तिथं मुसळ नाही, घराची तुळई आहे, आणि कुसळाच्या जागी बारीक काडी. म्हणजे जात एकच, लाकडाची. दुसऱ्याच्या डोळ्यात मला जे चटकन दिसतं ते माझ्याच तुळईचं लाकूड असतं.

हे मला कळलं ते ऑक्टोबरातल्या पहिल्या रविवारी. प्रभुभोजनाचा रविवार होता, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकर घ्यायचा. त्याआधी पापांगीकार असतो, सगळ्यांनी मिळून वाचायचा, विचारानं, शब्दानं आणि कृतीनं आम्ही पाप केलं आहे वगैरे, लहानपणापासून पाठ असल्यामुळं तोंड आपोआप चालतं. त्यादिवशी 51 वं स्तोत्रही होतं आणि पाळकसाहेबांनी त्याच्यामागची गोष्ट सांगितली. दावीद राजानं उरीयाची बायको घेतली, उरीयाला लढाईत पुढं घालून मारलं, आणि नाथान संदेष्टा येऊन त्याला एक केस सांगतो, एका श्रीमंतानं गरिबाची एकुलती एक मेंढी मारून पाहुण्याला जेवायला घातली. दावीद भडकतो, म्हणतो असल्या माणसाला मरणच पाहिजे आणि मेंढीची चौपट भरपाई. चौपटीचा निकाल अगदी कायद्याला धरून. मग नाथान म्हणतो, तो माणूस तूच.

मी भाकरीचा तुकडा हातात घेऊन बसलो होतो आणि मला 2014 चा मार्च महिना आठवला. आठवला म्हणजे काय, विसरलोच नव्हतो, फक्त त्यावर बरंच काही रचून ठेवलं होतं.

सीझन चालू होता, यार्डात पिवळी धूळ, नाक शिंकरलं तरी पिवळं. पलूसकडच्या एका शेतकऱ्याची 42 पोती हळद आली. तोलाईदारानं बरोबर 42 सांगितली, मी घाईत हिशोबाच्या पट्टीवर 41 लिहिली. इथपर्यंत चूक होती, पाप नव्हतं. संध्याकाळी थप्पी मोजली तर एक पोतं जास्त. मला कळलं कुणाचं ते. फोन फिरवायला एक मिनिट लागलं असतं. त्या आठवड्यात पोरीच्या शाळेचे पैसे भरायचे होते आणि मी ते पोतं बाजूला काढायला लावलं, दुसऱ्या दिवशी एका किरकोळ गिऱ्हाइकाला रोखीत दिलं, 3,500 रुपये आले, खिशात घातले. मालकांना पत्ता नाही. पाच वर्षं दर रविवारी पापांगीकार म्हटला, त्या "कृतीनं" ह्या शब्दात ते पोतं बसवून टाकलं होतं आणि देवानं माफ केलं असं धरून चाललो होतो.

बरं, भाकरी हातात असताना माझ्या मनात पहिलं काय आलं तर माझे 3,500 आणि काकांचे 6,200. माझे कमी. प्रभूच्या मेजापाशी बसून मी हा फरक काढला. दिवाणजी माणूस.

माप हा शब्द त्या "दोष काढू नका"च्या लगेच पुढं आहे, ज्या मापानं तुम्ही माप घालता त्याच मापानं तुम्हाला घालण्यात येईल. यार्डात राहून मला ह्याचा अर्थ जरा जास्तच कळतो. काटा एकदा सेट केला की पुढचा प्रत्येक माल त्याच काट्यावर चढतो, मग तो मालकाचा असो नाहीतर मेहुण्याचा.

त्या रात्री बायकोला सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली देवाला सांगितलंस ना, मग मला कशाला सांगतोस, की मी तुला बरं म्हणावं म्हणून? हा प्रश्न मला फार लागला कारण ते खरं होतं.

तिची एक मैत्रीण मिरजेला नर्स आहे, कॅथलिक. तिच्याकडून मी पापनिवेदनाबद्दल बरंच विचारून घेतलं. आम्हा प्रोटेस्टंट लोकांना लहानपणापासून एक वाक्य शिकवलेलं असतं की देव आणि माणूस ह्यांच्यामध्ये कुणी नको, आणि ते मी अजूनही मानतो. पण ती म्हणाली, दादा, गुडघ्यावर बसून एका जिवंत माणसाच्या कानाला ऐकू जाईल असं आपल्या पापाचं नाव घेणं, संख्येसकट, ह्यात "आम्ही सगळे पापी" असं म्हणून सुटता येत नाही. 1215 सालच्या लॅटरन परिषदेनं वर्षातून निदान एकदा हे करायचं असा नियम घातला, आणि फादरनं ते बाहेर फोडलं तर त्यालाच धर्माबाहेर काढतात, इतकी ती गुप्तता कडक. मी वाचलं तर ज्याच्यापासून आम्ही प्रोटेस्टंट सुरू झालो त्या लूथरनंही खाजगी पापनिवेदन टाकून दिलं नव्हतं, त्याची सक्ती त्याला नको होती. आणि याकोबाच्या पत्रात तर सगळ्यांनाच सांगितलंय, एकमेकांजवळ आपली पापं कबूल करा. आम्ही हे एकमेकांजवळ कधी करतो? आमच्या मंडळीत एकमेकांची पापं आम्ही तिसऱ्याजवळ कबूल करतो.

मला त्या 51 व्या स्तोत्रातली एक ओळ आधीपासून खुपते. तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केलं आहे, असं दावीद देवाला म्हणतो. मग उरीया? तो तर मेला बिचारा. मला वाटतं दावीद खोटं बोलत नाहीये, उरीया देवाचा होता म्हणून ते पाप देवापर्यंत पोचलं, पण माझ्यासारखा माणूस ह्या ओळीचा आडोसा करतो, देवाशी मिटवलं की शेतकऱ्याशी मिटवायचं राहिलं तरी चालतं. आणि चालत नाही. मत्तय पाचमध्ये आहे, वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. म्हणजे अर्पण अर्ध्यात सोडून जायचं. आणि बायबलातल्या गणना नावाच्या पुस्तकात, पाचव्या अध्यायात, आमच्या धंद्यातल्या माणसाला कळेल अशी तजवीज आहे, पाप कबूल करावं, मुद्दल पुरतं परत करावं आणि वर पाचवा हिस्सा घालून ज्याचं नुकसान केलं त्याच्या हातात द्यावं. 3,500 चा पाचवा हिस्सा 700. झाले 4,200.

हरिपूरला पेवं आहेत ते सांगलीकरांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी लिहितो. जमिनीत खोल खड्डा, तोंड अरुंद आणि पोट मोठं, आत हळद भरून तोंड असं बंद करायचं की हवा जात नाही. त्यात हळद वर्षानुवर्षं टिकायची. 2005 च्या महापुरात त्यात पाणी शिरलं आणि बरीच पेवं वापरातून गेली. माझे वडील हमालीला जायचे तिथं. ते सांगायचे पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नाही, आतली हवा माणूस मारते. आधी तोंड उघडं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर थांबायचं. तेवत राहिला तर उतरायचं. मी त्या महिनाभर असाच तोंडाशी बसून होतो, घाई करून उतरलो असतो तर काहीतरी नाटकी करून बसलो असतो, रडून वगैरे.

आधी मालकांना सांगितलं. दोन दिवस ते बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी गोडाऊनच्या चाव्या काढून घेतल्या, नोकरी ठेवली. चाव्या काढल्या हे बरोबरच केलं.

जानेवारीत पलूसकडं गेलो. शेतकरी, अण्णा म्हणतात त्यांना, गोठ्यापाशी होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं, पाकीट पुढं केलं. ते पाकिटाकडं बघेनात, माझ्याकडंच बघत राहिले. म्हणाले, "बेचाळीस भरलती. मी सोता मोजून भरलती."

"होय."

"आन मी फोन केलता दुकानात."

मी गप्प. खरंच सांगतो, हा फोन मला आठवत नव्हता. त्या क्षणापर्यंत आठवत नव्हता.

"तुम्हीच उचललाता. तुम्ही म्हणालता, पट्टीत एक्केचाळीसच हाईत, गाडीत बघा, वाटंत उतरलं आसंल."

गाडी त्यांच्या गावातल्याच एका पोराची होती, टेम्पो. अण्णांनी त्याला विचारलं, तो नाही म्हणाला, मग ह्यांनी चार माणसांत विचारलं. तेव्हापासून त्याच्या टेम्पोत गावातल्या कुणी माल भरला नाही. कर्ज काढून घेतलेली गाडी वर्षात विकली त्यानं, विट्याला गेला, तिथं रिक्षा चालवतो.

मी हे सगळं 3,500 रुपयांचं समजून गेलो होतो, वरचे 700 धरून 4,200 चं.

अण्णांनी 3,500 मोजून घेतले. 700 परत माझ्या हातात ठेवले. "हे त्याचं हाईत. मी बी त्याचं देणं लागतो," एवढंच बोलले आणि बादली घेऊन आत गेले. चहा विचारला नाही, का विचारावा.

परतीच्या एसटीत मी दोन चाकरांच्या दृष्टांताचा हिशोब करत होतो. एका चाकराला राजा दहा हजार तालांत सोडतो आणि तोच चाकर बाहेर येऊन दुसऱ्याचा शंभर दिनारांसाठी गळा धरतो. दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार. आजची हमाली दिवसाला 500 धरली तर माफ झालेलं कर्ज 3,000 कोटी आणि गळा धरला तो 50,000 साठी. लोक म्हणतात बघा किती क्षुल्लक रक्कम. मला 50,000 क्षुल्लक वाटत नाहीत, हमालाला तर नाहीच, आणि प्रभूही क्षुल्लक म्हणत नाही. काकांचे 6,200 क्षुल्लक नव्हते. त्या टेम्पोवाल्याचं जे गेलं त्याची तर रक्कमच काढता येत नाही. देवाची दया म्हणजे तो ही बाकी चुकीची ठरवतो असं नाही. तो ती वाचतो, पूर्ण, बॉलपेननं लिहिलेली, आणि मग स्वतःच्या खात्यावर घेतो. वधस्तंभ म्हणजे काय हे मला चाळीस वर्षं प्रवचनं ऐकून नाही कळलं ते तासगावच्या स्टॅंडवर गाडी थांबली तेव्हा थोडं कळलं.

आणि दयेची भीती वाटते माणसांना, हेही लिहितो. व्यभिचारात धरलेल्या बाईची गोष्ट, योहान आठ, ज्यात प्रभू म्हणतो तुमच्यात जो निष्पाप असेल त्यानं पहिला दगड टाकावा, ती सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत सापडत नाही. अभ्यासक म्हणतात ती मागाहून ह्या शुभवर्तमानात आली. पण संत ऑगस्टीननं पाचव्याच शतकात लिहून ठेवलंय की काही लोकांनी ती मुद्दाम काढली असावी, बायकांना पाप करायला मोकळीक मिळेल ह्या भीतीनं. काढली का आली ह्यात मी पडत नाही, पण ती भीती मला ओळखीची आहे. काकांना घरी जाऊन विचारलं असतं तर बाकीच्यांना धडा कसा मिळणार असं मलाही वाटलं होतं. त्या गोष्टीत दगड टाकायचा हक्क ज्याला एकट्याला होता तो खाली वाकून जमिनीवर बोटानं लिहीत बसलाय. आणि तरी शेवटी म्हणतो, जा, ह्यापुढं पाप करू नको. दोन्ही वाक्यं त्याचीच, मीही तुला दंड करत नाही आणि पाप करू नको. आपण आपल्याला पहिलं वाक्य ठेवतो आणि दुसऱ्याला दुसरं पाठवतो.

काकांकडं गेलो एका मंगळवारी. सात मिनिटं चालत. त्यांना माझं पोतं सांगितलं, मग म्हटलं काका मी तुम्हाला घरी येऊन विचारायला पाहिजे होतं.

"पाहिजे होतं," काका म्हणाले.

बाकी काही नाही. काकूंनी चहा आणला. आम्ही तिघांनी प्यायला. निघताना त्यांनी फेब्रुवारीचं 500 चं पाकीट माझ्याच हातात दिलं, नातू परीक्षेमुळं येणार नव्हता. ते अजून भक्तीला येत नाहीत. मी त्यांना या म्हटलं नाही, तो हक्क मला नाही. पण पुढच्या कमिटीत मी त्या अकरा माणसांसमोर माझं सगळं सांगितलं, शांत आवाज निघाला नाही त्यादिवशी, आणि हिशोबाच्या कामातून नाव काढून घेतलं.

विट्याला जायला फेब्रुवारीचा शेवट उजाडला. रिक्षा स्टॉपवर विचारत विचारत सापडला. आता पस्तिशीचा असेल. मी बोललो तेवढं त्यानं रिक्षाचा हॅंडल धरून ऐकलं, पुसायचं फडकं एका हातात. सातशेचं पाकीट त्यानं घेतलं नाही. म्हणाला, "पैसं नकोत. अण्णांस्नी फोन लावा. हितंच. स्पीकरवर टाका."

लावला. शेजारचे दोन रिक्षावाले जवळ सरकले, त्यानं त्यांना हटकलं नाही, मला वाटतं त्याला ते हवेच होते. मी अण्णांना म्हटलं हा इथं उभा आहे. पलीकडं बराच वेळ नुसता म्हशीच्या साखळीचा आवाज येत होता. मग अण्णा म्हणाले, "तुज्यावर आळ घेतला मी. चार माणसांत घेतला. चुकलं माजं. गावातबी सांगतो चार माणसांत."

त्यानं फडकं रिक्षाच्या काचेवर ठेवलं. माफ केलं असं काही म्हणाला नाही. फोनच्या जवळ तोंड नेऊन म्हणाला, "औंदाची हळद कवा काढताय, अण्णा?"